पुरुषांमधील मूत्रविसर्जनाच्या तक्रारी आणि प्राथमिक स्तरावरील डॉक्टरांचे प्रशिक्षण : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

साठी ओलांडलेल्या पुरुषाला रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे, लघवीची धार बारीक होणे, ती सुरू होण्यास वेळ लागणे, होऊन गेल्यावरही पुन्हा जावेसे वाटणे या तक्रारी इतक्या सार्वत्रिक आहेत की ग्रामीण समाजात त्यांना आजार मानलेच जात नाही. ‘वय झाले’ हे त्यांचे सर्वमान्य निदान असते. जळजळ असेल तर ‘उन्हाळी लागली’ असे म्हणून धन्याचे पाणी किंवा सब्जा घेतला जातो. रुग्ण दवाखान्यात येतो तो बहुधा लघवी पूर्ण तुंबल्यावर, ओटीपोटातील असह्य वेदना घेऊन, आणि तोही बऱ्याचदा रात्री. या दोन टोकांमध्ये काही वर्षांचा काळ गेलेला असतो. त्या काळात रुग्ण ताप, गुडघेदुखी, रक्तदाब अशा अन्य कारणांसाठी कोणत्या ना कोणत्या डॉक्टरसमोर अनेकदा बसलेला असतो, परंतु लघवीविषयी त्याने सांगितलेले नसते आणि त्याला विचारलेलेही नसते.

या न विचारण्याचे मूळ वैद्यकीय शिक्षणात शोधावे लागते. मूत्रशल्यचिकित्सक हा विशेषज्ञ मोठ्या शहरात असतो. यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर असून त्यात १६ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ होती व तीतील तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. अशा जिल्ह्यात या तक्रारींचे पहिले मूल्यमापन प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि गावातील खासगी डॉक्टर यांनाच करावे लागणार. ते त्यांना नीट करता यावे यासाठी प्रशिक्षणात कशावर भर हवा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञेतील बदल आणि त्याचे शैक्षणिक महत्त्व

दीर्घकाळ या सर्व तक्रारींना ‘प्रोस्टॅटिझम’ असे म्हटले जाई. वृद्ध पुरुष, लघवीची तक्रार, म्हणजे प्रोस्टेट अर्थात पुरःस्थ ग्रंथी वाढलेली, असे समीकरण त्या शब्दातच गृहीत होते. १९९४ मध्ये ब्रिटिश मूत्रशल्यचिकित्सक पॉल अब्राम्स यांनी हा शब्द टाकून ‘अधोमूत्रमार्गाची लक्षणे’ ही तटस्थ संज्ञा सुचविली. २००२ मध्ये इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने या लक्षणांचे तीन गट मान्य केले. मूत्र साठविण्याच्या टप्प्यातील लक्षणे म्हणजे वारंवार लघवी, घाई, रात्रीचे उठणे व गळती. विसर्जनाच्या टप्प्यातील लक्षणे म्हणजे बारीक किंवा तुटक धार, जोर लावणे व विलंब. आणि विसर्जनानंतरची लक्षणे म्हणजे थेंब गळणे व मूत्राशय रिकामे न झाल्याची भावना.

हा केवळ शब्दांचा फेरफार नव्हे. ग्रंथी वाढणे आणि लक्षणे असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. शवविच्छेदनांवर आधारलेल्या बेरी व सहकाऱ्यांच्या १९८४ च्या अभ्यासात ५१ ते ६० या वयोगटातील सुमारे निम्म्या आणि ऐंशी ओलांडलेल्या सुमारे ९० टक्के पुरुषांमध्ये ग्रंथीची सौम्य वाढ आढळली होती. या सर्वांना त्रास होत असतो असे मुळीच नाही. मोठी ग्रंथी असूनही धार उत्तम असते आणि लहान ग्रंथीही मार्ग पुरता आवळू शकते. उलट बाजूने पाहता मधुमेह, मूत्रमार्गाचे आकुंचन, मूत्राशयातील खडा, मूत्रसंस्थेचा क्षयरोग, मज्जारज्जूचे विकार, हृदयविकार आणि कर्करोग हे सर्व याच तक्रारींच्या रूपाने समोर येतात. चाळिशीच्या आतील तरुणाची धार बारीक झाली असेल तर ग्रंथीपेक्षा मूत्रमार्गाच्या आकुंचनाचा विचार आधी करावा लागतो. लघवीत पू आहे पण नेहमीच्या जंतूंची वाढ होत नाही, अशा रुग्णात क्षयरोग आठवावा लागतो.

येथे एक ऐतिहासिक संदर्भ नमूद करणे योग्य ठरेल. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील ‘वाताष्ठीला’ हा प्रकार गुद आणि बस्ती यांच्या दरम्यान उत्पन्न होणारी दगडासारखी घट्ट गाठ असा सांगितला आहे. तिचे आजच्या प्रोस्टेट वाढीशी पूर्ण एकरूपत्व मानणे घाईचे होईल. तथापि अडथळ्याची एकाहून अधिक कारणे असतात आणि ती वेगळी ओळखावीत, ही दृष्टी त्या वर्गीकरणात स्पष्ट आहे. महाराष्ट्रातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत व उपकेंद्रांत आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने कार्यरत आहेत. त्यांच्या प्रशिक्षणाची सुरुवात या परिचित भूमीवरून करता येणे शक्य आहे.

जिल्ह्याचे वेगळेपण

पाठ्यपुस्तकातील रुग्ण कोठल्याही गावचा नसतो. यवतमाळचा रुग्ण मात्र विशिष्ट पाणी पितो, विशिष्ट पीक घेतो आणि विशिष्ट तापमानात राबतो. प्रशिक्षण या वास्तवाशी जोडले नाही तर ते परीक्षेपुरते राहते.

जिल्ह्याच्या काही भागांतील, विशेषतः पांढरकवडा परिसरातील, भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याचे भूजल अभ्यासांतून दिसून आले आहे. दातांवरील डाग हा त्याचा सर्वांना दिसणारा परिणाम. परंतु अस्थींवर दीर्घकाळ परिणाम होऊन कण्याचे मणके व अस्थिबंध जाड झाल्यास क्वचित मज्जारज्जूवर दाब येतो व मूत्राशयाचे नियंत्रण बिघडते. म्हणून या भागातील रुग्ण लघवीची तक्रार घेऊन आला तर त्याचे चालणे पाहावे, पायांतील ताठरपणा व संवेदना तपासाव्यात. अशा रुग्णाला प्रोस्टेटची गोळी वर्षभर दिली तरी उपयोग होत नाही आणि मज्जारज्जूवरील दाब मात्र वाढत राहतो.

विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या विकारात मूत्रपिंडाची मूत्र संहत करण्याची क्षमता घटते, आणि काही अंशी हा दोष केवळ वाहक असलेल्या व्यक्तीतही आढळतो. रात्री पातळ व पुष्कळ लघवी होण्याचे कारण अशा वेळी मूत्राशयाच्या खाली नसून वर, मूत्रपिंडात असते. एकूण लघवी मोजल्याशिवाय हा फरक कळत नाही.

तिसरी बाब उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रात्रीच्या लघवीचा त्रास असलेल्या रुग्णाला ‘पाणी कमी प्या’ असा सरसकट सल्ला दिला जातो. शेतात राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो धोकादायक आहे. निर्जलीकरण, मूतखडा आणि मूत्रपिंडावरील ताण यांना त्यातून आमंत्रण मिळते. दिवसा भरपूर व संध्याकाळनंतर बेताने, असा सल्ला द्यावा लागतो. अल्फारोधक औषधांमुळे उभे राहताना रक्तदाब उतरतो. घामाने पाणी गमावलेल्या वृद्धात हा परिणाम अधिक तीव्र होतो व पडून खुब्याचे हाड मोडण्याचा संभव असतो. त्यामुळे ही औषधे सुरू करताना रुग्णाचा रक्तदाब आडवे असताना व उभे राहिल्यावर असा दोनदा घेणे हे यवतमाळच्या मे महिन्यात तरी ऐच्छिक मानता येणार नाही.

चौथी बाब फवारणीशी निगडित आहे. २०१७ च्या हंगामात कापसावर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषबाधेवर दिले जाणारे ॲट्रोपिन प्राण वाचवते, पण ते मूत्राशयाचे आकुंचन मंदावते. ज्याची ग्रंथी आधीच वाढलेली आहे अशा पन्नाशी-साठीच्या रुग्णाची लघवी त्यामुळे तुंबू शकते. याच न्यायाने सर्दीवरील क्लोरफेनिरामिनसारखी साधी गोळीही मूत्रावरोधास निमित्त ठरते. पावसाळ्यात सर्दी-पडशासाठी गोळी घेतली आणि दुसऱ्या रात्री लघवी अडली, ही साखळी ग्रामीण डॉक्टरच्या ध्यानी असली पाहिजे. कारण त्या साखळीतील पहिली कडी बहुधा त्याच्याच चिठ्ठीवर लिहिलेली असते.

अध्यापन रुग्णालयात काय दिसते

यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये स्थापन झाले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथे आणि नागपूर येथे जुनी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. या भागात प्राथमिक सेवा देणारे अनेक ॲलोपॅथी पदवीधर याच संस्थांतून घडलेले आहेत. अशा कोणत्याही अध्यापन रुग्णालयाच्या शल्यचिकित्सा कक्षात विद्यार्थ्याला दिसणारा मूत्रविकाराचा रुग्ण हा आजाराच्या शेवटच्या टप्प्यातील असतो. त्याला कॅथेटर लागलेला असतो, सोनोग्राफी झालेली असते, शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असते. विद्यार्थी कॅथेटर घालण्यास शिकतो, दुर्बिणीद्वारे ग्रंथी कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेचे टप्पे पाठ करतो, आणि ज्या टप्प्यावर त्याला पुढे आयुष्यभर काम करावयाचे आहे तो पहिला टप्पा त्याच्या दृष्टीस पडतच नाही.

तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ पासून पदवीपूर्व स्तरावर क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू केला. २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतल्यानंतरही तीच दिशा कायम राहिली. या अभ्यासक्रमात प्रोस्टेटचे विकार, तीव्र व जुनाट मूत्रावरोध, मूत्रमार्गाचे आकुंचन हे विषय समाविष्ट आहेत आणि गुदमार्गे प्रोस्टेटचे अंगुलीपरीक्षण प्रतिकृतीवर करून दाखविण्याची अपेक्षाही नोंदविलेली आहे. ही निश्चितच प्रगती होय. मात्र जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या सुप्रसिद्ध पिरॅमिडच्या भाषेत सांगावयाचे तर प्रतिकृतीवरील परीक्षण हा ‘करून दाखवितो’ हा स्तर आहे. त्यावरचा ‘प्रत्यक्ष व्यवहारात करतो’ हा स्तर रबरी प्रतिकृतीने गाठता येत नाही. प्रतिकृती संकोचत नाही, तिला मूळव्याधीची वेदना होत नाही आणि तिच्याशी कोणत्या भाषेत बोलावे हा प्रश्नही उद्भवत नाही.

विचारण्याचे कौशल्य आणि भाषेचा प्रश्न

लक्षणांची तीव्रता मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली १९९२ मध्ये अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने तयार केली. पुढे जीवनमानाविषयीचा एक प्रश्न जोडून ती आंतरराष्ट्रीय प्रोस्टेट लक्षण गुणांक म्हणून मान्यता पावली. तिच्यात सात प्रश्न असून प्रत्येकास ० ते ५ गुण आहेत. एकूण ३५ पैकी ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम व २० पासून पुढे तीव्र अशी विभागणी केली जाते. ही प्रश्नावली निदान करीत नाही, हे प्रशिक्षणात आवर्जून सांगावे लागते. ती फक्त त्रास किती आहे हे सांगते व उपचारानंतर तो किती घटला हे पाहण्यास उपयोगी पडते.

खरी अडचण तिच्या उत्तरांच्या रचनेत आहे. ‘पाचपैकी एकापेक्षा कमी वेळा’, ‘निम्म्याहून अधिक वेळा’ अशी अपूर्णांकातील उत्तरे कमी शिकलेल्या वृद्धाला अपरिचित वाटतात. परंतु हाच वृद्ध शेतकरी पिकाची आणेवारी बिनचूक समजतो. ‘लघवीला दहा खेपा गेलात तर किती खेपा जोर लावावा लागतो’, किंवा ‘रुपयात चार आणे की बारा आणे’ असे विचारले की उत्तर तत्काळ मिळते. प्रमाणित प्रश्नावलीत असा बदल करून मिळालेले गुण संशोधनासाठी वापरता येणार नाहीत, हे खरे. तथापि बाह्यरुग्ण विभागात संवाद घडविण्यासाठी या युक्तीचा उपयोग निर्विवाद आहे. निरक्षर रुग्णांसाठी दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी २०११ मध्ये चित्रांवर आधारित एक गुणांक प्रसिद्ध केला. त्यात दिवसाची वारंवारता, रात्रीची वारंवारता, धारेची जाडी आणि जीवनमान हे चार घटक केवळ चित्रांतून विचारले जातात. एक कागद, चार ओळींची चित्रे व बोट ठेवण्याची सोय एवढ्यावर काम भागते.

यवतमाळ जिल्ह्यात मराठीच्या वऱ्हाडी रूपाबरोबरच गोरमाटी, गोंडी व कोलामी या भाषा बोलल्या जातात. डॉक्टर पश्चिम महाराष्ट्रातून आलेला असेल तर ‘मूत्रविसर्जनास प्रारंभी विलंब होतो का’ हा प्रश्न रुग्णाला कळत नाही आणि ‘लघवीले बसल्यावर जोर लावा लागते का, बाबाजी? राती किती खेपा उठा लागते? धार पयल्यावानी येते का?’ हे विचारणे डॉक्टरला सुचत नाही. महाविद्यालयांतील भाषा विभागांना येथे वाव आहे. एखाद्या तालुक्यातील वृद्ध पुरुष या तक्रारी कोणत्या शब्दांत सांगतात याचा संग्रह हा पदव्युत्तर स्तरावरील लघुप्रकल्प होऊ शकतो, आणि असा संग्रह प्रशिक्षणार्थी डॉक्टरच्या हाती पडल्यास तो एखाद्या व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

काही प्रश्न प्रश्नावलीत नाहीत, पण ते विचारल्यावाचून राहता कामा नये. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा म्हणजे ‘झोपेत अंथरूण ओले होते का?’ वृद्ध पुरुषात नव्याने सुरू झालेले हे लक्षण जुनाट मूत्रावरोधाचे द्योतक असू शकते. या अवस्थेत वेदना नसते. मूत्राशय हळूहळू ताणत जातो, आतील दाब वाढून मूत्रपिंडे फुगतात, आणि रात्री भरलेले भांडे ओसंडावे तशी लघवी गळते. रुग्णाला वाटते लघवी जास्त होते. वास्तविक ती अडलेली असते. तो हे घरातही सांगत नाही, कारण लाज वाटते. सून अंथरूण धुते, एवढेच. या अवस्थेकडे दुर्लक्ष झाले तर पुढची भेट डायलिसिस विभागात होते. दुसरा प्रश्न लघवीतील रक्ताचा. शेतात, अंधारात किंवा मातीवर लघवी करणाऱ्या पुरुषाला रंग दिसतच नाही. त्यामुळे ‘रक्त जात नाही’ या उत्तरावर विसंबून न राहता पट्टीने मूत्रतपासणी करणे आवश्यक ठरते.

तपासणी : हात, बोट आणि मापाचे भांडे

ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्राथमिक स्तरावरील तपासणी अत्यंत साधी ठेवली आहे. रुग्णाचा इतिहास व घेत असलेली औषधे, पोट व बाह्य जननेंद्रियांची तपासणी, गुदमार्गे परीक्षण, मूत्राची पट्टीतपासणी आणि त्रासदायक लक्षणे असणाऱ्यांसाठी लघवीची नोंदवही एवढ्यावर तिचा भर आहे. मूत्रपिंडाच्या बिघाडाची शंका असल्यासच क्रिएटिनिन करावे असे त्यात म्हटले आहे. जेथे जुनाट मूत्रावरोधाचे रुग्ण उशिरा येतात तेथे ही शंका लवकर घेतलेली बरी.

पोटाच्या तपासणीत बेंबीखाली वाजवून पाहिल्यावर मंद आवाज देणारा फुगवटा आढळला तर तो रुग्ण त्याच दिवशी पुढे पाठवावयाचा असतो. लघवी करून आल्यानंतर हे वाजविणे आवश्यक आहे. अन्यथा भरलेला मूत्राशय आणि न रिकामा होणारा मूत्राशय यांत फरक करता येत नाही.

गुदमार्गे परीक्षण हे सर्वाधिक टाळले जाणारे कौशल्य होय. यात रुग्णाच्या संकोचापेक्षा डॉक्टरचा संकोच अधिक असतो, असे म्हणावयास जागा आहे. रुग्णाला कारण समजावून सांगितले, पडदा ओढला आणि डाव्या कुशीवर झोपवून पुरेसे वंगण वापरले तर बहुतेक वृद्ध सहकार्य करतात. सौम्य वाढीत ग्रंथी अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल भागासारखी लवचीक लागते, तर कर्करोगात बोटाच्या सांध्याच्या हाडासारखी टणक व खडबडीत लागू शकते. हा स्पर्शभेद आपल्याच हातावर शिकविता येतो. आकाराचा अंदाज बोटाने बहुधा कमीच येतो. त्याच वेळी गुदद्वाराच्या स्नायूंचा ताण व त्या भागातील संवेदना पाहिल्या तर मज्जातंतूंच्या विकाराचा सुगावा लागतो.

आणखी एका वास्तवाची दखल प्रशिक्षणाने घ्यावयास हवी. अनेक आरोग्य केंद्रांत डॉक्टर स्त्रिया आहेत. वृद्ध पुरुष त्यांच्यासमोर गुडघ्याचे दुखणे सांगतो, हे सांगत नाही. ‘माहेरवाशिणीच्या वयाच्या बाईला काय सांगावे’ ही भावना त्यामागे असते. स्त्री-विद्यार्थिनींना हे परीक्षण पुरुष रुग्णावर करण्याची संधी अनेकदा कमी मिळते आणि नोकरीत ते करणे त्यांना त्याहून अवघड जाते. पुरुष परिचर उपस्थित ठेवणे, प्रश्न आधी चित्रकागदावरून विचारून घेणे आणि विद्यार्थिदशेतच पर्यवेक्षणाखाली ठरावीक संख्येने परीक्षणे करवून घेणे हे यावरील व्यवहार्य उपाय होत.

तीन दिवसांची लघवीची नोंदवही हे बहुधा सर्वांत स्वस्त उपकरण आहे. एक प्लास्टिकचे मापाचे भांडे, एक वही आणि शाळेत जाणारा नातू एवढे पुरते. २४ तासांतील एकूण लघवीपैकी तृतीयांशाहून अधिक लघवी रात्री होत असेल तर दोष ग्रंथीत नसण्याची शक्यता मोठी असते. हृदयाची दुर्बलता, पायांवरील सूज, मधुमेह यांचा शोध घ्यावा लागतो. उच्च रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते आणि झोपल्यावर ते पाणी रक्तात परतून रात्रीच्या लघवीत भर पडते. असंसर्गजन्य रोग कार्यक्रमातून हे औषध गावोगाव पोहोचलेले असल्याने ही बाब क्षुल्लक नाही.

प्रोस्टेट विशिष्ट प्रतिजन अर्थात पी. एस. ए. ही रक्ततपासणी मात्र विचारपूर्वकच करावी. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, तीव्र मूत्रावरोध किंवा नुकताच घातलेला कॅथेटर यांनीही तिचा आकडा वाढतो. लघवी तुंबलेल्या रुग्णाची कॅथेटर घातल्यानंतर लगेच ही तपासणी करणे आणि वाढलेला आकडा पाहून कुटुंबाला कर्करोगाची भीती घालणे हा प्रकार योग्य प्रशिक्षणाने सहज टळू शकतो.

उपचार : काय येथे, काय पुढे

त्रास सौम्य असल्यास औषधाची गरज नसते, हे डॉक्टरला शिकविणे सर्वांत कठीण. संध्याकाळचा चहा कमी करणे, बद्धकोष्ठता दूर करणे, औषधांच्या वेळा बदलणे यांनीही अनेकांचे भागते. मध्यम व तीव्र त्रासात टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅमसारखे अल्फारोधक काही दिवसांत ते काही आठवड्यांत आराम देते. चार ते सहा आठवड्यांनी त्याचा परिणाम तपासावा. फिनास्टेराइड ग्रंथीचा आकार घटविते, पण त्यास तीन ते सहा महिने लागतात आणि ते मोठ्या ग्रंथीतच उपयोगी पडते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व ३,०४७ पुरुषांचा सरासरी साडेचार वर्षे पाठपुरावा केलेल्या एम-टॉप्स या अमेरिकी चाचणीत आजार बळावण्याचा धोका डॉक्साझोसिनने ३९ टक्के, फिनास्टेराइडने ३४ टक्के आणि दोन्ही एकत्र दिल्याने ६६ टक्के घटला. फिनास्टेराइड घेणाऱ्याचा पी. एस. ए. सहा महिने ते वर्षभरात सुमारे निम्मा होतो. म्हणून आलेला आकडा दुप्पट करून वाचावा लागतो. चिठ्ठीवर ही टीप नसेल तर पुढील डॉक्टर फसतो.

मोतीबिंदू आणि प्रोस्टेट हे दोन्ही एकाच वयाचे सोबती आहेत. टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवेळी बुबुळाचा पडदा शिथिल होऊन गुंतागुंत उद्भवते, हे २००५ मध्ये निदर्शनास आले. औषध थांबविल्यानेही हा धोका पूर्णतः जात नाही. म्हणून नेत्रशिबिरास जाणाऱ्या रुग्णाने आपली गोळी नेत्रतज्ज्ञास दाखविणे, आणि शक्यतो शस्त्रक्रिया आधी उरकून गोळी नंतर सुरू करणे इष्ट.

तीव्र मूत्रावरोधात कॅथेटर घालून अल्फारोधक सुरू करावे व दोन-तीन दिवसांनी कॅथेटर काढून पाहावा. बऱ्याच रुग्णांना पुन्हा स्वतःहून लघवी होते. कॅथेटर घातल्यावर किती मिलिलिटर मूत्र निघाले हा आकडा नोंदविणे ही सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित तपासणी आहे. जुनाट अवरोध मोकळा केल्यानंतर मूत्राचा पूर येऊ शकतो. सलग दोन तास ताशी २०० मिलिलिटरहून अधिक लघवी होऊ लागल्यास द्रव व क्षारांवर लक्ष ठेवण्याची सोय असलेल्या ठिकाणी रुग्णास हलवावे लागते. जोर लावून कॅथेटर ढकलल्याने मूत्रमार्गाला इजा होऊन आकुंचनाचा नवा आजार जडतो. म्हणून ‘जात नसेल तर थांबा’ हे वाक्य कौशल्यवर्गात कॅथेटर घालण्याच्या आधी शिकवावे.

लघवीतील रक्त, वारंवार जंतुसंसर्ग, वाढलेले क्रिएटिनिन, मूत्राशयातील खडा, टणक ग्रंथी, पायांतील दुर्बलता किंवा औषधांनी न थांबणारा त्रास असल्यास रुग्ण पुढे पाठवावयाचा असतो. शस्त्रक्रियेच्या खर्चाची भीती हे विलंबाचे मोठे कारण आहे. २०१३ पासून राज्यभर लागू असलेल्या व २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामांतर झालेल्या योजनेत मूत्रसंस्थेच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. ही माहिती रुग्णाला प्राथमिक डॉक्टरकडून मिळाली तर जनावर विकण्याची वेळ टळते.

प्रशिक्षणाची जागा व मूल्यमापन

यासाठी नवा अभ्यासक्रम उभारण्याची आवश्यकता नाही. आंतरवासितेत समुदाय वैद्यकासाठी १२ आठवडे राखून ठेवलेले आहेत. २०२२ पासून सुरू झालेल्या कुटुंब दत्तक उपक्रमात विद्यार्थी गावातील कुटुंबांशी काही वर्षे जोडलेला राहतो. त्या कुटुंबातील आजोबांना दर भेटीत तेच चार प्रश्न विचारले तर आजाराची सुरुवात आणि वाटचाल, जी कक्षात कधीच दिसत नाही, ती विद्यार्थ्याला दिसेल. सेवारत डॉक्टरांसाठी तालुक्याच्या मासिक बैठकीतील एक तास पुरेसा आहे. मात्र तो व्याख्यानाचा नसावा. पुसद, दारव्हा, पांढरकवडा यांसारख्या ठिकाणच्या रुग्णालयांत आलेल्या प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदी, नावे वगळून, समोर ठेवाव्यात.

प्रशिक्षणाच्या अखेरीस घेतल्या जाणाऱ्या चाचणीतील गुण नेहमीच वाढतात; त्यातून फारसे सिद्ध होत नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये सांगितलेल्या चार स्तरांपैकी वर्तनातील बदल हा तिसरा स्तर येथे मोजण्याजोगा आहे आणि त्यासाठी वेगळा निधीही लागत नाही. आरोग्य केंद्रातून येणाऱ्या संदर्भचिठ्ठ्या तपासाव्यात. ‘लघवीचा त्रास, कृपया पुढील उपचार व्हावेत’ एवढेच लिहिलेल्या किती, आणि पोटाची तपासणी, अंगुलीपरीक्षणाचा निष्कर्ष, चालू औषधे व निघालेल्या मूत्राचा आकडा नमूद असलेल्या किती, याची प्रशिक्षणापूर्वीची व सहा महिन्यांनंतरची मोजणी करता येते. त्याबरोबरच तुंबलेल्या अवस्थेत येणारे आणि वाढलेल्या क्रिएटिनिनसह येणारे रुग्ण यांचे प्रमाण पाहता येते. हा चौथा स्तर असून त्यास अधिक काळ द्यावा लागेल.

यासाठी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी जावी लागते. उमरखेडचा रुग्ण सोयीने नांदेडला जातो, वणीचा चंद्रपूर किंवा नागपूरला; आणि तेथे काय निष्पन्न झाले हे मूळ डॉक्टरला कळत नाही. आपल्याला मऊ वाटलेली ग्रंथी तज्ज्ञाला टणक लागली होती, हे त्याला कोणी कळवत नाही, म्हणून त्याचे बोट शिकत नाही. रुग्णालयातून सुटी देताना कार्डाची एक प्रत रुग्णाच्या हाती ‘आपल्या गावच्या डॉक्टरांना दाखवा’ असे सांगून द्यावी, त्यावर परीक्षणाचा निष्कर्ष, शिल्लक मूत्राचे प्रमाण, ऊतीपरीक्षणाचा अहवाल आणि कोणती गोळी किती दिवस चालू ठेवावयाची एवढ्या चार ओळी मराठीत असाव्यात, आणि आरोग्य केंद्राने ती वेगळ्या नोंदवहीत चिकटवून ठेवावी.